पस्तावा दिसत नाही म्हणे

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कमरेच्या परवानगीने होतं, पण झालं असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? मी डॉक्टर असून हा प्रश्न पत्रातून विचारतोय, कारण दीड वर्षात तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. रागाची तब्येत तरी ठणठणीत दिसते.

इकडची हकीकत अशी की, मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं शिकवल्यावर कॉलेजला शंका आली, याला शिकवता येतं का? म्हणून आम्हा जुन्या खोडांना तीन दिवस 'शिकवावं कसं' या शिबिरात डांबलं. शिकवणाऱ्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या. (आल्याआल्या त्यांनी माझ्या शर्टावर 'पिवळा गट' अशी चिठ्ठी चिकटवली. घरी गेल्यावर काढली.) पहिला धडा, तासाचं उद्दिष्ट लिहा. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांना हृदय समजेल.' बाईंनी काट मारली. समजणं दिसत नाही म्हणे. करताना डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, मोजेल, ऐकेल, करून दाखवेल. पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा काट. मी विभागप्रमुख आहे हे त्यांना सांगावंसं वाटत होतं, पण ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाटक. मी पेशंट, लहान मुलांच्या विभागाचे सर डॉक्टर. मी टेबलावर आडवा. (टेबल डुगडुगत होतं, म्हणून शिबिराचं माहितीपत्रक घडी करून त्याच्या पायाखाली घातलेलं. त्याचा तेवढा उपयोग झाला.) सरांनी थंडगार स्टेथोस्कोप छातीला लावला आणि यादीतले प्रश्न यादीकडेच बघत विचारले. आजार खोटा होता, तरी मला एकाएकी फार एकटं वाटलं आणि ताई, मला रडू आलं. हुंदके देऊन रडलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अभिनयाला दहापैकी नऊ मिळाले.

मला आपली चिमी आठवली होती. माझ्याच वॉर्डात शिकत होती तेव्हाची. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी रडत होत्या. चिमीने स्टेथोस्कोप आधी तळहातात धरून ऊन केला, मग तो गळ्यात टाकून त्यांचा हात धरून बसली. माझ्या प्रश्नाकडे तिचं लक्षच नाही. सहा विद्यार्थ्यांसमोर मी म्हणालो, "हात धरायला नातेवाईक असतात. तुला डॉक्टर व्हायचंय की सोबतीण?" मामा लाड करतो असं कोणी म्हणू नये म्हणून जरा जास्तच बोललो. पोरगी हसली, आणि पुढच्या आठवड्यात कॉलेज सोडून गेली. आता चष्म्याच्या दुकानात बसते, असं बाहेरून कळलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी शिकवलं की चूक एकांतात सांगायची, आणि नावं कामाला ठेवायची, माणसाला नाही. एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असतं तर त्यालाही मी चारचौघांत झापलं असतं.)

शेवटी प्रत्येकाने स्वतःसाठी एक उद्दिष्ट लिहायचं होतं. मी लिहिलं, 'मामाला पस्तावा होईल.' काट. पस्तावाही दिसत नाही म्हणे. मग लिहिलं, 'मामा माफी मागेल.' बाई हळूच म्हणाल्या, "सर, हे बरोबर आहे. पण कधी आणि कुठे, तेही लिहा."

तर रविवारी, सकाळी दहा वाजता, तुझ्या दारात.

तुझा,
धाकटा

ता. क. : चूक एकांतात सांगावी, पण माफी ज्यांच्यासमोर अपमान केला त्यांच्यासमोर मागावी, असं माझं मत आहे. (बाईंच्या वहीत हे नाही.) त्या सहांपैकी चौघं बरोबर येतायत. चहा करू नकोस. फक्त कडी काढ.

ता. क. २ : पुन्हा प्रवेश घेण्याचा अर्ज सोबत ठेवलाय. माझी सही झाली आहे, तिची राहिलीय. तिने फाडला तर फाडू दे, तिला काही बोलू नकोस.

ता. क. ३ : नऊ नंबरच्या आजी शिबिराच्या आधीच्या महिन्यात परत दाखल झाल्या, आणि गेल्या. शेवटच्या दुपारी मी त्यांचा हात धरून बसलो होतो. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचा हात फार गार आहे हो. त्या मुलीला बोलवा ना." मी हो म्हणालो होतो.