कार्डावरचं वाक्य

४ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.
तुझ्या बायकोच्या अक्षरातलं पत्र मिळालं. ओल्या साच्यात धातूचा तापलेला रस ओतला की उसळतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझ्याच साच्यात ओल कशी राहिली, ते विचारत नाही. डोळ्यांची पट्टी अठराला सुटेल, तोवर पडून राहा. भांडायला बायको आहेच.

माझ्या टेबलावर ‘उजळणे’ हा शब्द आलाय. मूळ संस्कृत : उद् म्हणजे वर, ज्वल् म्हणजे पेटणे. शब्दाच्या कार्डावर अर्थ लिहून झाला, उदाहरण अडलंय. आमच्या शब्दकोशात मनाने रचलेलं वाक्य चालत नाही. कुणीतरी खरंच लिहिलेलं लागतं. मिळतात ती सगळी कवींची, गोडमिट्ट.

माया आहेच, तब्येत सांभाळ.
ताई

९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सांगतोय मी, लिहितेय ही, चुका तिच्या. साचा मीच हात लावून पाहिला होता. कोरडा वाटला. शेजारचा ओतारी थांब म्हणाला, तर मी त्याला भागूबाई म्हणालो. त्याला काही झालं नाही, एवढं बरं.

डाव्या डोळ्याची आशा आहे, असं डॉक्टर म्हणतात. कवींना सोड. पट्टी सुटली की तुझं वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहून पाठवतो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
धाकटा

१९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
हिला बाहेर पाठवून लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. काल पट्टी काढली. खिडकी उघडली, असं डॉक्टरांनी सांगितलं. गालाला ऊन लागलं. खोली उजळली नाही.

डॉक्टरांनी हिला दोन महिने वाट पाहा म्हटलंय. मला काय ते कळलं. ही अजून दिवस मोजतेय.

वाक्य पाठवायचं कबूल केलं होतं, जमलं नाही. राग मानू नकोस.
धाकटा

२४ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.
तुझं पत्र लावायला अख्खी दुपार गेली. हे पत्र तुला बायको वाचून दाखवील, म्हणून बाकीचं समोर बोलू. महिन्याची रजा काढलीय, शनिवारी पोचते.

कार्ड भरलं. वाक्य तीनच शब्दांचं आहे. नकाराचं उदाहरण आपण घेत नाही, असं संपादक म्हणाले. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि कुणाचं म्हणून विचारलं. एका ओताऱ्याचं, म्हटलं. त्यांनी सही केली.

तू कबूल केलेलं पाठवलं होतंस.

तुझीच,
ताई