साकिबची मॅच आणि आमचा आवाज

वादी कबीर, मस्कत
शुक्रवार, जुम्म्यानंतर

यूनुसभाईंना अलीमियाँचा सलाम, आणि सलामापाठोपाठ लगेच सांगतो की इकडे सगळे हातीपायी धड आहेत. (हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण पत्र आलं की तुम्ही आधी शेवटचं पान उघडून कोण गेलं ते बघता, असं माझी बहीण अमरीन सांगते. या वेळी मेहेरबानी करून पहिल्यापासून वाचा.) तुमच्या गुडघ्याचं काय? इथून पाठवलेलं तेल गुडघ्याला लावताय, की तिने ते कपाटात पाहुण्यांसाठी जपून ठेवलंय? अमरीनची शुगर, शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा तंटा, दोन्ही आटोक्यात असतील अशी उमेद आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. यूनुसभाई, सारी उमर तुम्ही जहाजावर सारंग म्हणून खलाशांवर ओरडण्यात घालवलीत. फोनवर माझ्या ‘हॅलो’पासून ‘खुदा हाफिज’पर्यंत सगळं तुम्हीच बोलता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आपला तय्यब खाबुरा गावातलं दुकान भावावर सोडून सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत हे घालून देतोय.

विषय साकिबचा आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. तुमचा मुलगा पाचवीपासून माझ्या घरात वाढला, माझ्या ताटात जेवला, आणि आता उंची अशी झाली आहे की त्याची मामी अमीरुन्निसा त्याच्याकडून माळ्यावरचे डबे शिडीशिवाय काढून घेते. बास्केटबॉलच्या जोरावर त्याला कॉलेजात जागा मिळाली आणि संघातून नाव गेलं तर जागाही जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यापुढचं तुम्हीच ठरवून ठेवलंय, की जागा गेली तर पोरगा थेट मुंबईला, ट्रेनिंगला आणि तिथून जहाजावर. ठीक आहे. सारंगाच्या पोराने दर्यावर जावं, यात वावगं काही नाही. (फक्त एक गोष्ट मी आजवर सांगितली नव्हती. गेल्या ईदला मत्रहच्या बंदरातून पाहुण्यांना होडीतून फिरवायला नेलं होतं. पाणी कसं, तर ताटात काढून ठेवावं असं. तुमच्या चिरंजीवांनी बंदर दिसेनासं व्हायच्या आत सकाळची न्याहारी, रात्रीची बिर्याणी आणि बहुतेक आदल्या दिवशीचंही काही अरबी समुद्राला परत केलं. होडीवाला ओमानी म्हातारा त्याची पाठ चोळत होता आणि मी दुसरीकडे बघत होतो.)

तर या वर्षी तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि पहिल्याच वर्षी कोचने त्याला पॉइंट गार्ड केलं. पॉइंट गार्ड म्हणजे आपल्या मचव्यावरचा तांडेल समजा. चेंडू त्याच्या हाती, कुणी कुठे उभं राहायचं ते तो सांगणार, जाळीत टाकायचं काम बहुतेक वेळा दुसऱ्याचं. हे मला आज कळतं. पहिल्या मॅचला कळत नव्हतं, आणि माझ्याबरोबर आलेल्या आपल्या लोकांना तर अजिबात नव्हतं. दोन पिकअप आणि एक मिनीबस भरून आम्ही गेलो होतो. स्पेअर पार्ट्सवाला इरफान शिट्टी घेऊन आला होता, अमीरुन्निसाने खिम्याचे समोसे केले होते, आणि हॉलच्या एका बाजूला अख्खी रत्नागिरी बसली होती. पलीकडची पोरं शिस्तीत टाळ्या वाजवत होती. आम्ही कबड्डी बघत वाढलेली माणसं. आपल्याकडे चढाईला गेलेल्याला सारा गाव मिळून सल्ला देतो, त्याशिवाय तो गडी परत कसा येणार?

त्या मॅचबद्दल थोडक्यात लिहितो. साकिब चेंडू घेऊन निघाला की तो हिसकावला गेलाच म्हणून समजा. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं. समोरच्या संघाला तर सवयच झाली, ते हात पसरून थांबायचेच. पोराचा चेहरा पांढराफटक. कोच आधी बसून होता, मग उभा राहिला, मग त्याने पाण्याची बाटली जमिनीवर आपटली आणि साकिबला बाहेर काढलं. पोरगा बाकावर बसला आणि टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. यूनुसभाई, मला माझ्या दुकानाचं शटर तोडल्याचं इतकं वाईट वाटलं नव्हतं. समोसे तसेच परत आले.

परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये आपल्या लोकांनी जो इन्साफ केला तो ऐकायला तुम्ही हवे होता. जाताना जो मुलगा कोकणचं नाव जगात करणार होता, त्याचे हात येताना मेणाचे झाले होते. इरफान म्हणाला की पोराला नजरच नाही, चेंडू हातात असताना लोकांकडे बघतो. एकाने उंचीत खोट काढली (जाताना त्यानेच उंचीचं कौतुक केलं होतं). तय्यबचं म्हणणं पडलं की मस्कतचं एसी खाऊन वाढलेल्या पोरांत दम नसतो, आणि तो स्वतः एसीच्या तोंडाशी बसला होता. मी गप्प होतो. गप्प म्हणजे, दोघांची आईबहीण काढली, पण तेवढंच. मग इरफानने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि आठवडाभर अर्ध्या वादी कबीरने तो दुकानात, कचेरीत, गिऱ्हाइकासमोर आवाज बंद ठेवून बघितला आणि आपापलं मत कळवलं. त्याच मेहेरबानाने तो तुम्हालाही पाठवला.

त्यावर तुमचा जो व्हॉइस मेसेज आला, तो अमीरुन्निसाने जेवणाच्या टेबलावर चुकून स्पीकरवर लावला. तुमचा आवाज मोबाइलच्या स्पीकरला सोसत नाही, पण मतलब समजला. खेळ खलास, ट्रेनिंगवाल्याशी बोलणं झालंय, सेमिस्टर संपलं की निघून ये. साकिबने घास खाली ठेवला आणि तुम्ही समोर उभे असल्यासारखं “जी अब्बा” एवढंच म्हणाला. मग उठून आत गेला आणि बॅग भरली. ना रडला, ना आदळआपट. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, अजून मॅचेस आहेत, कोचने नाव काढलेलं नाही, सोहारची मॅच झाल्यावर ठरवणार आहे. तो म्हणाला, “जी मामू.” आणि शर्टांच्या घड्या घालत राहिला. असल्या आज्ञाधारक पोराशी माणसाने भांडायचं तरी कसं?

खरी गोष्ट उघडी पाडली आमच्या हिबाने. ती अकरावीत आहे, तिचं मराठी तुम्ही ऐकलंच आहे, तोडकंमोडकं, पण अक्कल शाबूत. जुम्म्याला इरफान घरी आला होता आणि व्हिडिओ दाखवून साकिबच्या चुका पुन्हा समजावून सांगत होता. हिबाने मोबाइल त्याच्या हातातून घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि मला म्हणाली, “पप्पा, बघू नका. फक्त ऐका.” आम्ही ऐकलं. चेंडू टप टप टप, मग माझा आवाज, ‘साकिब!’, मग गलका. पुन्हा टप टप, माझा आवाज, गलका. हिबाने मग तेच चित्र दाखवलं. मी हाक मारतो, पोरगा मान वळवून माझ्याकडे बघतो, आणि तेवढ्यात समोरचा चेंडू काढून घेतो. दर वेळी. एकही वेळ चुकली नाही. एकदा तर, यूनुसभाई, त्याचे ओठही हलताना दिसले. चेंडू हातात, दोघे अंगावर आलेले, आणि तुमचा मुलगा मला ‘जी’ म्हणत होता.

आता यात त्याचा दोष काय? वडीलधाऱ्याने हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची, दुसरी हाक मारायला लावायची नाही, ही आपल्या घरातली रीत. तुम्ही त्याला तेवढं शिकवून माझ्याकडे पाठवलंत आणि मी त्यावर दोन चपराका देऊन ते पक्कं केलं. इरफानने मोबाइल परत खिशात घातला. मग म्हणाला की पोराची नजर तशी चांगली आहे. अमीरुन्निसा मला म्हणाली की तुमचा आवाज पहिल्यापासूनच असा आहे, आणि आत निघून गेली. मी साकिबपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, सोहारला मी येईन, पण चकार शब्द काढणार नाही, आणि माझ्याबरोबरचा कुणी ओरडला तर त्याला मी चालत मस्कतला पाठवीन.

सोहारची मॅच परवा झाली. या वेळी एकच गाडी होती. मी, अमीरुन्निसा, हिबा आणि इरफान (शिट्टी काढून घेतली होती). वाटेत खाबुऱ्याला चहासाठी थांबलो, पण कप अर्धे ठेवूनच उठलो. हॉलमध्ये औद्योगिक वसाहतीतले कामगार आपल्या सोहारच्या पोरांसाठी येऊन बसले होते, अंगावर अजून कामाचे कपडे, आणि आवाज असा की छपराचा पत्रा थरथरावा. कोचने साकिबला घेतलंच नाही. पहिला भाग गेला, दुसरा गेला, पोरगा बाकाच्या टोकाला गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. मला कळून चुकलं की हे असंच संपणार. तेवढ्यात आपल्या संघाच्या सीनियर गार्डचा पाचवा फाउल झाला, तो बाहेर गेला, आणि कोचने बाकाकडे न बघताच बोट केलं. साकिब उठला. अमीरुन्निसाने जपाची तस्बीह काढली. मी तोंडात रुमाल कोंबला.

यूनुसभाई, तो चेंडू घेऊन आला आणि चेंडू गेला नाही. पुन्हा आला, पुन्हा गेला नाही. कुणाला डाव्या हाताने इशारा, कुणाला नुसती भुवई, आणि चेंडू अशा जागी जायचा जिथे क्षणापूर्वी कुणीच नव्हतं. मागे पडलेला संघ सरकत सरकत एका गुणाच्या अंतरावर आला. मग घड्याळात काहीच उरलं नाही. साकिबच्या हातात चेंडू, समोर एक आडदांड, आणि पाठीमागून दुसरा एक बारका पोरगा मांजरासारखा येतोय. मला तो दिसत होता. इरफानला दिसत होता. साकिबला दिसणं शक्यच नव्हतं. माझा रुमाल कुठे पडला कोण जाणे. त्या गलक्यात कुणीतरी जोरात ओरडलं. साकिबने चेंडू एकदा आपटला, पाठीमागूनच दुसऱ्या हातात घेतला, आणि जाळीखाली उभ्या असलेल्या उंच ओमानी पोराकडे फेकला. शिट्टी झाली तेव्हा चेंडू जाळीतून खाली येत होता. एका गुणाने जिंकलो. मी इरफानच्या गळ्यात पडून रडलो, हे तो सांगत फिरतोय, आणि ते खरं आहे.

कोचने तिथेच साकिबच्या डोक्यावर टपली मारली आणि पुढच्या मॅचला सुरुवातीपासून तूच, असं सांगितलं. म्हणजे संघातली जागा राहिली, कॉलेजातलीही राहिली. आज जुम्म्यानंतर मशिदीबाहेर आपले लोक जमले होते. मेणाचे हात पुन्हा पोलादाचे झाले आहेत. उंची बरोबर आहे. एसीचा काही परिणाम होत नाही, असं तय्यब म्हणतो. इरफान तर पहिल्यापासूनच हे सांगत होता, असं त्याच्या तोंडून मी आज तीनदा ऐकलं आणि एकदाही भांडलो नाही.

हे सारं तुम्हाला नुसतं खबर म्हणून कळवलं. माझं मागणं काही नाही. बापाचा निर्णय बापाचा, मामूने त्यात पडू नये, एवढी तमीज मला आहे. अमरीनला दुआ, तुमच्या गुडघ्याला आराम, आणि बांधाच्या बाबतीत अजिबात माघार घेऊ नका.

तुमचा मेव्हणा,
अलीमियाँ

ता. क. अमीरुन्निसाने पत्र वाचलं आणि म्हणते की ‘कुणीतरी ओरडलं’ हे असं लिहून पाठवलंत तर तुमची रोटी बंद. ठीक आहे. मीच ओरडलो. खुर्चीवर चढून, छाती फुटेस्तोवर, ‘साकिब, पाठीमागे!’ अख्ख्या हॉलने वळून माझ्याकडे बघितलं. पंचानेही बघितलं. साकिबने बघितलं नाही. परतीच्या वाटेत मी विचारलं, ऐकू आलं नव्हतं का? तो म्हणाला, “आलं होतं, मामू.” आणि मान खाली घातली. मला राग यायला हवा होता. मी गाडी बाजूला घेतली, टायर बघायच्या निमित्ताने उतरलो आणि जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

ता. क. दुसरा. वर मागणं नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. संघात जागा मिळाली तरी त्याची बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच आहे. मी म्हटलं, रिकामी कर. तर म्हणतो, अब्बांनी ये म्हटलंय, अब्बांनी नको म्हटलेलं नाही. यूनुसभाई, माझ्या हाकेला न वळणं तो कसाबसा शिकला, कारण मी शेवटी मामू. तुमच्या हाकेचं तसं नाही. तुम्ही तिथून एकदा ‘साकिब’ म्हणालात तर तो हातातला चेंडू खाली ठेवील, ‘जी अब्बा’ म्हणेल, जहाजावर चढेल, आणि जन्मभर ओकत राहील, पण तुम्हाला कधी कळू देणार नाही. तेव्हा हात जोडून सांगतो, त्याला हाक मारू नका.