बांधावरचा भोंगा

पिंपरी पेंढार,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. इकडे सगळे ठीक. आजीचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड जोरात चालू आहे, म्हणजे काळजी नाही. तुझी आई चकलीची भाजणी करायची करायची म्हणतेय आणि करत काही नाही. वसतिगृहात अंघोळीला गरम पाणी देतात ना? देत नसतील तर सांग, मी येऊन तिथल्या बाईंशी बोलते. माझं बोलणं तुला माहीत आहे.

आता तुझा रिपोर्ट. अगं बये, बाईंनी बिबट्यावर इंग्रजीत माहितीपर रिपोर्ट लिहायला सांगितलाय, आणि तू सुरुवात करतेस 'वन डे माय फादर सॉ अ लेपर्ड'नं? ही गोष्ट झाली. रिपोर्टाचं पहिलं वाक्य सरळ हवं: द लेपर्ड इज अ वाइल्ड अ‍ॅनिमल ऑफ द कॅट फॅमिली. कोण आहे, कुठल्या कुळातला आहे, संपलं. मग एकेका मुद्द्याला एकेक परिच्छेद आणि वर छोटं शीर्षक. दिसतो कसा, राहतो कुठं, खातो काय, वागतो कसा. 'माय फादर', 'अवर फील्ड', 'आय फील' सगळं काढून टाक. रिपोर्टात आपण नसतो. आणि एकाच बिबट्याची हकिकत सांगायची नाही, सगळ्या बिबट्यांना लागू पडेल तेवढंच लिहायचं.

'दिसतो कसा' चांगलं जमलंय. डोळे दिव्यासारखे आहेत हे मात्र खोड. उजेड पडला की चमकतात, एवढं पुरे. 'राहतो कुठं'मध्ये तू नुसतं जंगल लिहिलंस. आपल्याकडे जंगल कुठाय गं? उसात राहतो, मादी पिलंही उसातच घालते. तू जुन्नर तालुक्यातली, तुला हे पुस्तकात बघावं लागतं का?

'वागतो कसा' यात एक वाक्य आहे, माणसाच्या आवाजाला तो घाबरतो म्हणून. ते काढ.

पुस्तकात तसंच दिलं असेल. तरी काढ. पडताळलेलं असेल तेवढंच रिपोर्टात येतं.

का म्हणून विचारशीलच. तुला न सांगायचं आम्ही घरात ठरवलं होतं, पण तू जितकी हट्टी तितकीच मीही तुझी आत्या. गणपतीत तू हाच रिपोर्ट ओट्यावर बसून वाचत होतीस आणि तुझे उच्चार ऐकायला मी तो फोनवर रेकॉर्ड केला होता, आठवतं? शेजारच्या हौशीरामच्या गोठ्यातलं वासरू बिबट्यानं नेलं तेव्हा भरतनं, तुझ्या बापानं, उसाच्या बांधावर भोंगा लावला. सगळेच लावतात. कुणी रेडिओ लावतं, कुणी भजनं. त्याला कुणीतरी सांगितलं, गाण्याला बिबट्या भीत नाही, माणसाचं नुसतं बोलणं हवं. घरात रेकॉर्ड केलेलं बोलणं ते एकच. दिवेलागणीला तुझा रिपोर्ट सुरू व्हायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही हसायचो. आजी म्हणायची, "वाघाला विंग्रजी शिकावतीय माझी नात."

मग एका सकाळी भोंग्याखालचं गवत दबलेलं दिसलं. कुणीतरी बराच वेळ बसून गेल्यासारखं. दुसऱ्या दिवशीही तसंच. कुत्र्याला हात लावला नाही की शेळीला नाही. पुढं आजीनंच त्याला पाहिलं, अजून उजेड होता तेव्हा. ती काही घाबरट बाई नाही. घरात आली, कडी लावली आणि म्हणाली, "भोंग्याकडं त्वांड करून बसलंय. हलत न्हाई का डुलत न्हाई. ऐकतंय."

मी म्हातारीला वेड्यात काढलं. संध्याकाळी स्वतः गच्चीवर जाऊन उभी राहिले. खरं सांगते साधना, आजी खोटं बोलत नव्हती. शेपटी पायाशी घेऊन बसला होता. तुझं वाचून संपलं की मध्ये जरा शांत जातं ना, तेवढ्यात तो कान पुढं करायचा. तू पुन्हा 'वन डे' म्हणालीस की कान सैल सोडायचा.

भरतनं त्याच दिवशी भोंगा बंद केला. काळोख पडायच्या आत बिबट्या अंगणात होता. तुझ्या खिडकीखाली, ओट्यापाशी, जिथं तू वाचत बसायचीस तिथं. दारावर पंजा नाही, गुरगुर नाही, काही नाही. नुसता खिडकीकडे बघत बसला. तुझ्या आईनं तोंडात पदर कोंबला होता. शेवटी भरतनं घरातूनच भोंग्याचं बटण दाबलं, बांधावर तुझा आवाज सुरू झाला, तेव्हा कुठं उठून गेला. तेव्हापासून भोंगा बंद करायची कुणाची छाती होत नाही. लाईट गेली की आम्ही सगळे दार लावून गप्प बसतो.

वनखात्याची माणसं पिंजरा ठेवून गेली. आत शेळी बांधली, तिच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग भरतच्या डोक्यात आलं, भोंगाच पिंजऱ्यात ठेवू. आजी त्याच्यावर धावून गेली. "माझ्या पोरीचा आवाज पिंजऱ्यात घालतोस व्हय रं? काय लाज हाय का न्हाई?" तरी ठेवला. बिबट्या पिंजऱ्याला टेकून बाहेर बसला आणि ऐकत राहिला. आत गेलाच नाही.

तुझी आई हल्ली संध्याकाळची दारात बसते. कामं तशीच पडलेली. मी रागावले तर म्हणाली, "माझ्या लेकीचा आवाज हाय वन्सं. मी का न्हाई ऐकायचा?" पलीकडे तो, अलीकडे ही. मला दोघांचीही भीती वाटायला लागलीय. हे बोलू नये, पण तुझ्याशी नाही तर कुणाशी बोलू?

आता कालचं सांगते. ते सांगायलाच हे पत्र. तू रविवारचा फोन केलास, दिवेलागण झाली होती. आईनं नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. तू म्हणालीस, "आई, सुट्टी लागली की मी लगेच घरी येते." बांधावर भोंगा चालूच होता. तू तिकडेही बोलत होतीस आणि इकडेही. मी गच्चीवर होते. त्यानं भोंग्याकडे पाठ केली, अंगणाकडे तोंड केलं आणि तू फोन ठेवीपर्यंत हलला नाही. त्यानंतर भोंगा पहाटेपर्यंत ओरडत राहिला. सकाळी पाहिलं, भोंग्याजवळचं गवत उभंच होतं. अंगणात मात्र सगळीकडे पंजे.

त्या खोडलेल्या वाक्याच्या जागी लिही, त्याला फार बारीक ऐकू येतं. हे पडताळलेलं आहे.

आणि साधना, आता माझं ऐक. रुसू नकोस. या दिवाळीला तू घरी यायचं नाही. सुट्टी लागली की भरत गाडी घेऊन घोडेगावला येईल आणि तुला तिथूनच लोणीला मामाकडे नेईल. तुझी आई, आजी आणि मी तिकडे येऊ. भाजणी, किल्ल्याची माती, सगळं घेऊन येऊ. भरत मात्र इथंच राहील, गुरं आहेत. घरी फोन करू नकोस. काही लागलं तर माझ्या शाळेच्या वेळेत शाळेत कर. इकडचं सगळं निस्तरलं की मी स्वतः येऊन तुला घरी घेऊन जाईन. केव्हा, ते आत्ता विचारू नकोस. मला माहीत नाही.

रिपोर्ट स्वच्छ अक्षरात उतरून काढ. पाठ करताना मनातल्या मनात कर, मोठ्यानं नको. घोडेगाव इथून लांब आहे, मला कळतं गं. तरी संध्याकाळी जरा हळूच बोलत जा.

तुला घरी ये म्हणायला जीभ न रेटणारी,
तुझी मंगलआत्या