पानं पुरतात

सोलापूर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्या हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल. इथे आम्ही सगळे ठीक. फेब्रुवारी अर्धाच झालाय, पण दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. तुझ्या आईने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून ठेवली आहे. पुण्याला कोणी निघालं की पाठवते. मैत्रिणींना वाटून टाकू नकोस, मागच्या वेळी तुला चाखायलाही उरली नव्हती.

पत्र बघून हसशील. आत्याला फोन करता येत नाही का, म्हणशील. येतो. पण माझ्या खोलीतलं बोलणं खाली बाबांच्या बिडीच्या ब्रँचमध्ये ऐकू जातं, आणि फोनवर मी फार सहज खोटं बोलते. मंगळवारी तू विचारलंस, "आत्या, बायकांना नवा दर मिळतोय ना? खूश आहेत ना?" आणि मी म्हणाले, थांब, कुकर उतरवते. गॅसवर कुकर नव्हता.

दर मिळतोय, बाळा. तू आणि युनियनच्या लोकांनी कोर्टात भांडून मिळवलेली किमान मजुरी तुझे बाबा हजार बिड्यांमागे पुरी देतात, थेट बँकेत. पहिल्या दिवशी त्यांनी पेढेसुद्धा वाटले. तुम्ही दोघं बोलत नाही, म्हणून हे मुद्दाम कळवते.

तू लहान असताना या ब्रँचमध्ये तेंदूच्या पानांच्या ढिगावर झोपायचीस, आठवतं? रत्नम्मा मांडीवरचं सूप बाजूला सरकवून तुला तिथे घ्यायची आणि तेलुगूत गाणं म्हणत बिड्या वळायची. अंगाला तंबाखूचा वास घेऊन वर आलीस की तुझी आई दारातच थांबवायची. मी मात्र तो वास तसाच राहू द्यायचे. हे गेले आणि मी माहेरी परत आले, तेव्हा घरात मला काही कामच नव्हतं. भाऊ मृत्युंजय म्हणाला, "अक्का, तू पानं मोजून द्यायला बस. तू बसलीस की बायका भांडत नाहीत." तेव्हापासून तराजूपाशी मीच आहे. इतक्या वर्षांत तुझ्या बाबांनी मला एकदाही दुखावलं नाही. त्यांनी कधीतरी दुखावलं असतं तर आज बरं झालं असतं, असं हल्ली मनात येतं.

पेढे वाटले त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. "अक्का, उद्यापासून पानं जरा हात राखून दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हजार बिड्यांना लागतात त्याहून कमी पानं द्यायची. कमी पडतील ती बाईने बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायची. कागदावर मजुरी पुरी, आणि वाढलेला पैसा पानवाल्याच्या गल्ल्यात.

"त्यापेक्षा दर परवडत नाही म्हणून सरळ सांग की," मी म्हणाले.

"सरळ सांगितलं तर गुन्हा होतो. बाकीचे मालक देत नाहीत, मी एकट्यानं दिला तर माझं बंडल महाग पडतं. आधीच बिडी ओढणारे कमी झालेत. तुझी वकीलबाई येऊन पानपट्टीवर बंडलं विकणार हाय काय?" मग खाली बसून हळू आवाजात म्हणाले, "नाहीतर ब्रँच बंद करतो. तू सांग, कुठलं करू?"

त्यांचे डोळे सुजलेले होते. ते नाटक नव्हतं, सुकन्या. तू कोर्टात ज्या मालकाशी भांडतेस तो मी कधी पाहिला नाही. मी माझा धाकटा भाऊ पाहते.

दुसऱ्या दिवशी मी हात राखून पानं दिली.

रत्नम्माने पुडकं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "काय अक्का, पानं बी डाएटवर हायत काय?" अख्खी रांग हसली. मीही हसले. भांडणाला मी तयार होते, पण कोणी भांडलंच नाही. पुढच्या दिवसापासून कुंभारीहून येणाऱ्या बायका बाजारात रिक्षा थांबवून पानं विकत घ्यायला लागल्या. जणू पहिल्यापासून अशीच रीत होती.

धनलक्ष्मी तुला माहीत नाही, नवीन लग्न होऊन आलेली पोर. रांगेत शेवटी थांबली आणि म्हणाली, "अक्का, पगार वाढला म्हणून सासूनं घरखर्चाला जास्त मागायला सुरुवात केलीय. बँकेचा मेसेज वाचती ती. पानांचं मी सांगितलं तर म्हणती, खोटं बोलतीस, माहेरी पाठवतीस." मी चारच पानं जास्त टाकली. तेवढ्यात मागून मृत्युंजयचं खाकरणं ऐकू आलं, आणि ती चारही पानं मी काढून घेतली. तिच्यादेखत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तू म्हणाली होतीस, दर मिळतो का याच्या चौकशीला लेबर ऑफिसचे साहेब सोमवारी येतील, आत्या, तू फक्त खरं सांग. साहेब गुरुवारीच येऊन गेले.

बुधवारी संध्याकाळी रत्नम्मा मला जिन्यात गाठून म्हणाली, "उद्या साहेब येणार म्हणत्यात. तुमी कायबी सांगू नका हं. ब्रँच बंद झाली तर पीएफ गेला, बिडी कामगाराचं कार्ड गेलं. दुसरा मालक या वयात मला घेतोय व्हय? पानं आमी आणतो की विकत. तुमचं काय जातंय?" पोटतिडकीनं बोलत होती. माझा हात धरला होता तिने.

गुरुवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पानं पुरतात का?" बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मृत्युंजय पंख्याकडे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. पूर्ण वाक्यात, सावकाश, कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर उभं करून म्हणून घ्यायच्या तसं. पानं पुरतात, कोणाची तक्रार नाही, वाढीमुळे सगळ्या समाधानी आहेत. साहेबांनी फाइल मिटली. "मॅडम, शाळा कुठली तुमची?" त्यांनी अगदी आदराने विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं.

मराठीत बोलले असते तर आवाज कापला असता. इंग्रजी कापत नाही, ती नुसती पाठ केलेली असते.

शाळेत खरं सांगणाऱ्या मुलीला सिस्टर अर्धीच शिक्षा करायच्या. इथे मी खरं सांगितलं तर शिक्षा रत्नम्माला, आणि खोटं सांगितलं तर धनलक्ष्मीला. माझ्या वाट्याला दोन्हीकडून काही येत नाही. साहेब गेल्यावर तुझ्या बाबांनी माझ्यासाठी खास चहा मागवला. रत्नम्माने अबोलीचा गजरा आणून माझ्या हातावर ठेवला. "वाचवलंत, अक्का." धनलक्ष्मी पुडकं घेऊन निघून गेली. परवापासून ती आलेली नाही.

दर वाढायलाच हवा होता, सुकन्या. त्यात तू चुकलीस असं मी म्हणणार नाही. तुम्ही बिडीचा दर ठरवलात. पानांचं माप कोणाच्या हातात आहे, ते कोणी विचारलं नाही. ते माझ्या हातात होतं.

वरचा प्रत्येक शब्द माझा आहे आणि शुद्धीत लिहिला आहे. तुला तो साहेबांपुढे ठेवायचा असेल तर ठेव, मी नाकारणार नाही. भाऊ मला घराबाहेर काढणार नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या त्या मायेलाच मी जास्त भिते. पण त्याआधी एक कर. एका सकाळी इथे ये, बाबांना न भेटता थेट रांगेत उभी राहा, आणि रत्नम्माला विचार. मग कुंभारीला जाऊन धनलक्ष्मीलाही विचार. दोघी एकच उत्तर देणार नाहीत. तरीही ठेवायचं ठरलं तर कोर्टाला "तुझी आत्या" चालणार नाही, म्हणून नाव पुरं लिहिते.

दाक्षायणी शिवलिंगप्पा हत्तुरे,
पानं मोजून देणारी