पाणी रोज बदला म्हणावं

होटगी,
१२ मे २०२५

चि. शिवलीला हिला आशीर्वाद.

तू आणि आरोही बऱ्या असाल. नातेपुत्यालाही ऊन इथल्याइतकंच असेल. पोरीला दुपारची बाहेर सोडू नकोस. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मला बोलता येत नाही. आरोहीशी दोन शब्द झाले की मी ठेवून देते, हे तुला माहीत आहे.

तुझ्या सासऱ्यांची तब्येत आता सुधारते आहे. अनिल गेल्यापासून यांचं जेवण तुटलंच होतं. डॉक्टरांनी पनीर द्यायला सांगितलं, म्हणून मी बाजारातून पाव किलो आणलं. एक घास खाऊन म्हणाले, "हे रबर हाय. शिवलीला करायची तसलं दे, न्हायतर राहू दे." दोन दिवस ताट तसंच परत आलं.

मग मीच केलं. लिंबू पिळताना हात थांबला होता. का, ते तुला सांगायला नको. यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

उरलेलं डब्यात घालून, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलं. चौथ्या दिवशी काढलं तर कडा पिवळ्या, बोटाला बुळबुळीत आणि आंबूस वास. हे म्हणाले, धुऊन तळून टाक की. मी ऐकलं नाही, फेकून दिलं. संध्याकाळी आरोहीचा फोन आला तेव्हा तिला सहज सांगितलं. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "पाण्यात बुडवून ठेवायला सांग. आणि पाणी रोज बदला म्हणावं."

आठ महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

पुन्हा केलं, आणि तू सांगितलंस तसं ठेवलं. उकळून गार केलेलं पाणी, पनीर पूर्ण बुडेल इतकं. रोज सकाळी पूजा झाली की पाणी बदलते, बोटाने दाबून बघते, वास घेते. आज चौथा दिवस. पाणी नितळ आहे, पनीर मऊ आहे.

आता लिहिते. अनिलचे दिवस झाले त्या संध्याकाळी मी चार लोकांत म्हणाले होते, "ज्या घरात बाई रोज दूध फाडते, तिथं दुसरं काय होणार." तू पनीरचं मोठं पातेलं घासलंस, उपडं घातलंस आणि सकाळी आरोहीला घेऊन माहेरी गेलीस. मी दारापर्यंतही आले नाही. एरवी मी फार बोलत नाही. त्या दिवशी बोलले ते असलं.

अनिलच्या हृदयाचं काय झालं ते डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला ते ऐकायचं नव्हतं, कुणावर तरी घालायचं होतं. माझा मुलगा गेला तसा तुझा नवराही गेला, ते मला दिसलं नाही. दूध फाटलं की अशुभ, एवढंच लहानपणापासून धरून बसले होते. खराब झालेलं कसं असतं ते आता हाताला कळलं. तू करत होतीस ते खराब करणं नव्हतं. चूक माझी होती.

तू ज्यांच्या खानावळीला पनीर द्यायचीस ते नवी पेठेतले सोमेश विचारत होते की पनीर परत कधी. "तिला विचारून सांगते," म्हटलं. तू नाही म्हणालीस तर तसं सांगेन. तिथेच राहून काम करायचं असेल तर पातेलं एसटीने पाठवते, ते तुझंच आहे. यायचं असेल तर आरोहीची शाळा सुरू व्हायच्या आत ये. दूध मी तापवेन, लिंबू तू पीळ. नाहीतर उलट. मला आता दोन्ही जमतं.

पातेलं मी कालच सुलटं करून ठेवलं आहे.

तू पुन्हा अत्ती म्हणून हाक मारशील का, याची वाट बघणारी तुझी सासू,
गुरम्मा