डिकीचे झाकण

मी, जानराव सखाराम पडघान, वय चौऱ्याहत्तर, एसटीचा निवृत्त वाहक, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणणारा अजून जन्मायचा आहे, आणि आता त्याला उशीर झाला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व मागची टिनाची शेड पत्नी केशरबाई हयात असेपर्यंत तिची, तिच्यामागे मुलगी रत्नमालाची. या कागदाची अंमलबजावणी रत्नमालाने करावी. ती परिचारिका आहे. दुखऱ्या जागी हात लावायला भीत नाही.

२. बँकेतील ठेव केशरबाईची. माझी पुस्तके विहाराच्या वाचनालयास. कपाटाला कुलूप लावणार असतील तर देऊ नयेत. कुलपातले ज्ञान आम्ही पिढ्यान् पिढ्या बाहेरूनच पाहिले आहे.

३. शेडमधील मोटार. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण भांडण हिच्यावरूनच होणार.

ही १९३८ सालची दोन दारांची विलायती कूपे मोटार. गावात ज्यांना सगळे ‘मालक’ म्हणत, त्यांची. आत दोघांपुरती जागा; मागे डिकीचे झाकण उचलले की बाहेर एक उघडे आसन. माझे वडील हँडल मारून ही मोटार सुरू करीत आणि मग मागे, उन्हापावसात बसत. आत मालकांशेजारी मालकांचा कुत्रा बसे. एका सकाळी हँडल उलटे फिरले आणि वडिलांचे उजवे मनगट मोडले. ते वाकडेच जुळले. मालक म्हणाले, ‘मंग डाव्या हातानं मार.’ हे मी शंभर सभांत सांगितले आहे. इथे सहीनिशी सांगतो.

२०१६ साली मालकांच्या नातवाने गोठ्यातला हा सांगाडा भंगारात काढला. मी तो घरी आणला. मला ती जुन्या रूपात नको होती. ते रूप मला पाठ होते. रिसोडचा वेल्डर फय्याज याने मोबाइलवर परदेशातल्या हॉट रॉड गाड्या दाखवल्या: छत कापून खाली घेतलेले, पुढचे इंजिन उघडे. मी म्हणालो, हीच. साडेसहा वर्षे आम्ही त्या शेडमध्ये होतो. फय्याजने छत चार इंच उतरवले, सांगाडा नव्याने जोडला, मोडीतल्या जीपचे इंजिन बसवले. मी शेजारी उभा राहून इतिहास सांगायचो. तो म्हणायचा, ‘भाऊ, गाडीले भाषण समजत नाई. पाना द्या.’

एकदाच आमचे वाजले. डिकीचे झाकण वेल्डिंगने कायमचे बंद कर, असे मी सांगितले. तो म्हणाला, ‘काहून बंद करता? तुमचे वडील बसत तिथं. उघडी ठेवा, लोकाईले पाहू द्या.’ मी ऐकले नाही. त्याने माझ्या शब्दाखातर झाकण बंद केले, पण त्या दिवशी जेवला नाही.

१४ एप्रिल २०२३ रोजी जयंतीच्या दिवशी मोटार चौकात उभी केली. मी पन्नास मिनिटे बोललो. टाळ्या थांबत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी फय्याज वेल्डिंगचा संच हातगाडीवर चढवू लागला. एवढेच म्हणाला, ‘मंडपवाल्याचं बी नाव घेतलं तुमी, भाऊ.’ केशरबाई दारात उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, ‘पन्नास मिनटांत तुमाले एक नाव नाई सापडलं?’ जन्मभर मी वगळलेल्यांच्या बाजूने बोललो. वगळायचे कसे, तेही मला चांगले येत होते.

४. मुलगा प्रसेनजित यास मोटार मिळणार नाही. गेल्या फेब्रुवारीत मी दवाखान्यात असताना त्याने ती मालकांच्या पणतवाच्या वरातीला नेली. घरी आलो तर सीटखाली झेंडूच्या पाकळ्या. तो म्हणाला, ‘बाबा, चालवत तर मीच होतो.’ बाळा, मोटार सुरू करून देणारा त्यांच्याकडे पूर्वीही होता. प्रसेनजितला मी ते जुने लोखंडी हँडल देतो. नवे इंजिन बटणावर सुरू होते. हँडल कशाला लागत नाही. त्याने ते रोज एकदा उजव्या हातात धरावे.

५. सदर मोटार मी फय्याज खान वल्द मेहबूब खान, राहणार रिसोड, यांस देतो. ती त्यांनी बनवली आहे. ते हयात नसल्यास त्यांची मुलगी नमरा हिला. आरटीओच्या लेखी ती अजून भंगार आहे, तेव्हा रस्त्यावर चालवण्याचा हक्क मला देता येत नाही. डिकीचे वेल्डिंग तोडण्याचा हक्क देतो. त्यांचे बरोबर होते.

६. माझ्या शोकसभेत भाषण नको. रत्नमालाने त्याच चौकात, लाउडस्पीकरवर, कलम पाच वाचावे. नाव पूर्ण घ्यावे.

७. एक गोष्ट नोंदवतो. फय्याजचे नाव मला या कागदावर दोनदा हवे होते, कलमात आणि सहीतही. म्हणून गेल्या रविवारी साक्षीदार म्हणून त्याला निरोप पाठवला. अडीच वर्षांनी तो आला, धुतलेला सदरा घालून. वकीलबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले, ज्याला काही द्यायचे त्याचीच साक्ष घेतली तर त्याला दिलेले कोर्टात अडकू शकते. आयुष्यभर सगळे वाचले, तेवढे राहिले. बाहेर येऊन मी त्याला म्हणालो, तुझी सही नको. कारण सांगितले असते तर त्याने मोटार घेतली नसती. मी त्याला ओळखतो. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला. म्हणाला, ‘याच्यातूनबी काढलं का मले, भाऊ?’

मी ‘हो’ म्हणालो.

हे लिहिलेले मी स्वतः वाचून पाहिले आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

ठिकाण: रिठद
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही) जानराव सखाराम पडघान

साक्षीदार:
१. (सही) गोविंदसिंग रामसिंग चव्हाण, निवृत्त एसटी चालक, रिसोड
२. (सही) लिलाबाई वामन सावळे, शेजारीण, रिठद