कुलवृत्तांतात पुष्पाताई

मेहकर,
५ सप्टेंबर १९६४

तीर्थस्वरूप गं. भा. मंजुळाआत्यास,
चिंतामणचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतला आहे. शाळा सुटली की वही घेऊन नातेवाइकांकडे हिंडतो. आमची ही, तुझी सूनबाई प्रतिमा, म्हणते, मेलेल्यांची एवढी चौकशी करता, कधी जिवंतांचीही करा.

तुझी थोरली बहीण पुष्पाआत्या बालविधवा होती आणि विसाव्या वर्षी तापाने गेली, असं भगवंतरावकाका सांगतात. तिथी मात्र त्यांना आठवत नाही. तुला आठवते का? लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझा,
चिंतामण

साखरखेर्डा,
१२ सप्टेंबर

चि. चिंतामणास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रतिमा शहाणी आहे. पुष्पाताई गेलेली नाही, लोणारला आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी तिने आपल्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या रंगरावांशी लग्न केलं. बाबांनी ती मेली असं धरून घरातल्या सगळ्यांना सुतकाच्या आंघोळीला बसवलं. मीही डोक्यावरून पाणी घेतलं.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते, माझं काय चालणार, असं मनाला समजावत आले. पण पुढची सगळी वर्षं काही मी चौदाचीच नव्हते. मला जायची लाज वाटते, म्हणून तुला धाडते. जाऊन ये, आणि दिसेल ते खरं लिही.

तुझी,
मंजुळाआत्या

मेहकर,
२१ सप्टेंबर

तीर्थस्वरूप गं. भा. मंजुळाआत्यास शि. सा. नमस्कार.

काल लोणारला जाऊन आलो. रंगराव खुटखुटीत आहेत. पुष्पाआत्या ओसरीवर वांगी निवडत होत्या. त्यांचं बोलणं आता पार तिकडचंच झालंय. नाव छापतो म्हणताच म्हणाल्या की, मी तं त्याइच्यासाठी मेली, आता मले काऊन उठवून राह्यला बाप्पा. मग पुन्हा वांगी निवडू लागल्या. मी निघालो तेव्हा म्हणाल्या की, मंजूले इचार, ते हाव म्हणन तं लिह्य.

काकांनी मात्र कळवलंय, पुष्पीचं नाव आलं तर माझं गाळ. आता तू म्हणशील तसं. कळावे.

चिंतामण

साखरखेर्डा,
२६ सप्टेंबर

तीर्थस्वरूप सौ. पुष्पाताईस,
धाकट्या मंजूचा साष्टांग नमस्कार.

मायना लिहितानाच माझा अर्धा तास गेला. आपल्या घरातून तुला 'सौ.' असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

तुझं नाव छाप, शेजारी रंगरावांचंही छाप, असं चिंतामणला कळवलंय. भगवंत रुसला तर रुसू दे. लहानपणी त्याला कडेवर घेऊन तूच गावभर मिरवलंस. तो विसरला असेल, मी नाही.

माफी पत्रात मागवत नाही गं. पुढच्या सोमवारी एस.टी.ने येते. भावजींना सांगून ठेव. सोवळ्यातली म्हणून कुठेही गेले तरी माझा डबा माझ्याबरोबर असतो. या खेपेला तो आणणार नाही.

लोभ असू दे म्हणायला मला तोंड नाही. जेवायला मात्र वाढ.

तुझी,
मंजू